ळ, क्ष, ज्ञ लिहिलेला खण

मी एक जुना खण आहे, मित्रांनो. अख्खे कपाट नव्हे, कपाटातला एक खण. साठांपैकी साठावा, सर्वांत खाली, उजव्या कोपऱ्यातला. मला उघडायचे तर माणसाला उकिडवे बसावे लागते.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. मला उघडले तरच दिसते. बंद असलो की नुसते ऐकू येते, तेही लाकडातून गाळून आलेले. त्यामुळे माझे आयुष्य मला सलग ठाऊक नाही. जेवढा उघडला गेलो तेवढाच मी जगलो. माझी गोष्टही तशीच तुटक आहे. ती मध्येच बंद होईल. राग मानू नका, जरा थांबा.

उघडला.

पहिला चेहरा सुताराचा. त्याने माझ्या कडांवरून अंगठा फिरवला, एक कूस पुन्हा घासली आणि मला आत-बाहेर करून पाहिले. मी अडकलो नाही. तो खूश झाला. आयुष्यातली माझी ती पहिली शाबासकी.

मग अक्षरे लिहिणारा आला. प्रत्येक खणावर एक पितळी चौकट होती आणि तिच्यात कोणती अक्षरे घालायची हे त्याला कोणी नीट सांगितले नव्हते. त्याने आपल्या मुलीचे पहिलीचे पुस्तक समोर ठेवले आणि अ पासून सुरुवात केली. शेवटी मी उरलो. मला मिळाले ळ, क्ष, ज्ञ.

ग्रंथपाल पाहायला आले आणि हसू लागले. म्हणाले, क्ष जातो क मध्ये, ज्ञ जातो ज मध्ये, आणि ळ ने सुरू होणारे एक पुस्तक मला दाखवा. अक्षरे लिहिणारा ओशाळला. ग्रंथपालांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. "असू दे. शोभेला राहील."

बंद.

तर मी शोभेला राहिलो. माझ्या एकोणसाठ भावंडांच्या पोटात हजारो कार्डे होती. प्रत्येक पुस्तकाचे एक कार्ड, प्रत्येक कार्डाला खाली एक भोक, आणि सगळ्या भोकांतून जाणारी एक पितळी सळई, म्हणजे कार्डे सांडू नयेत. माणसे येत, खण ओढत, बोटांनी कार्डे चाळत आणि हवे ते पुस्तक कुठे आहे ते पाहून जात. माझ्याही पोटात सळई होती. ती हवेतून आरपार गेलेली होती.

आमची खोली होती माहितीशास्त्राच्या विभागात. माहिती कशी ठेवावी म्हणजे ती शोधणाऱ्याला सापडेल, हे शिकायला तिथे मोठी माणसे येत. त्यांतली काही पुढे संशोधन करत. संशोधन म्हणजे काय, तर एक प्रश्न घ्यायचा आणि चार-पाच वर्षे त्याच्याबरोबर एकट्याने राहायचे. पहिले वर्ष सगळ्यांत वाईट असते असे म्हणतात, कारण तेव्हा प्रश्नही अजून आपला झालेला नसतो.

उघडला.

मोठ्या बाई. विभागाच्या प्रमुख. केस पांढरे, चष्मा दोरीने गळ्यात. त्यांच्या मागे झाडू घेऊन मावशी उभ्या होत्या. मावशी त्या खोलीची साफसफाई करत आणि खोलीतले सगळ्यांचे सगळे त्यांना ठाऊक असे. बाईंचा एक विद्यार्थी कोणाला न सांगता सोडून गेला होता. त्याचे टेबल आवरताना मावशींना एक कागद सापडला होता, तो बाईंच्या हातात होता.

"अकरा प्रश्न होते गं त्याच्याकडे," बाई म्हणाल्या. "झेरॉक्सची परवानगी कोणाची घ्यायची, इथपासून. त्यातल्या चारांची उत्तरं तुलासुद्धा येत होती."

"मग मला विचारायचं की," मावशी म्हणाल्या.

"तेच तर."

बाईंनी माझ्यातला डस्टर, वाळलेली दोन पेने आणि कोणाच्या तरी डब्याचे झाकण बाहेर काढले. सळई उपसून खिशात टाकली. मग एक कोरे कार्ड घेतले आणि माझ्यात आडवे ठेवले.

त्या दिवसापासून मला काम मिळाले.

दर वर्षी नवे विद्यार्थी आले की बाई त्यांना कपाटापुढे उभे करत आणि स्वतः उकिडव्या बसून मला ओढत. सांगत, इतर खणांतली कार्डे उभी, या खणातले आडवे. मनात येईल ती शंका लिहा, नाव लिहू नका, आडवी टाका. ज्याला उत्तर येईल त्याने मागच्या बाजूला लिहावे. नाव त्यानेही लिहू नये. आणि हसायचे असेल तर बाहेर जाऊन हसावे.

मित्रांनो, ते माझे भरभराटीचे दिवस. काही कार्डे मला अजून पाठ आहेत.

*गोषवारा आधी लिहायचा की शेवटी?*
मागे: *दोन्ही वेळा. पहिला फाडायचा.*

*सर 'बघू' म्हणाले. म्हणजे काय?*
मागे: *सोमवारी म्हणाले असतील तर काही नाही. मंगळवारी पुन्हा विचारा.*

*माझ्या विषयावर कोणीतरी आधीच लिहून ठेवले आहे.*
मागे: *अभिनंदन. विषय खरा आहे. त्याने काय सोडले ते शोधा.*

आणि एक होते नुसते *रडू येते* असे. त्याच्यामागे पाच हस्ताक्षरे होती. *मलाही. मलाही, तिसऱ्या महिन्यात. मलाही, पण जिन्यात. येऊ द्या. चहाला चार वाजता खाली असतो आम्ही.* ते *रडू येते* फार सुबक अक्षरात लिहिलेले होते, पुस्तकांच्या पाठीवर चिठ्ठ्या चिकटवणाऱ्या माणसाचे असते तसे. तसे अक्षर त्या खोलीत एकाचेच होते.

ते अक्षर परिशिष्टकाकांचे. काका एका शाळेचे ग्रंथपाल. पन्नाशीला आलेले, नोकरी सांभाळून संशोधन करणारे. प्रबंध संपत आला की ते त्याला आणखी एक परिशिष्ट जोडत, म्हणून पोरांनी हे नाव ठेवले. त्यांना ते आवडत असे. दर गुरुवारी शाळा अर्धी असे, तेव्हा ते तीन वाजता येत आणि खिडकीजवळच्या टेबलावर बसत.

बाई निवृत्त झाल्या त्या दिवशी त्यांनी मला शेवटचे उघडले. काकांना बोलावून घेतले.

"गुरुवारी येताच आहात. एकदा वाकून बघत जा."

"बाई, गुडघे—"

"गुडघ्यांना सांगा, मी सांगितलंय."

बंद.

पुढचे पुष्कळसे ऐकलेले आहे.

नवे वर्ष सुरू झाले. नव्या प्रमुख सरांनी पडद्यावर चित्रे दाखवून विद्यार्थ्यांचे स्वागत केले. सर वाईट नव्हते. त्यांना सगळीकडे उशीर झालेला असे, एवढेच. विद्यार्थ्यांना एक पत्रक वाटले गेले. बाईंची सोय चालू राहावी म्हणून सरांनी आठवणीने त्यात एक ओळ घातली होती. ती मला ठाऊक आहे, कारण एका सकाळी कपाटापुढे उभे राहून कोणीतरी ती पुटपुटत वाचली.

"शंका असल्यास कार्डावर लिहून तालिका-कपाटात ठेवावी. नावाची आवश्यकता नाही."

तालिका-कपाट म्हणजे आम्ही साठ खण. त्यांतल्या कोणत्या खणात, ते लिहिलेले नव्हते. ज्यांनी पत्रक केले त्यांना ते इतके ठाऊक होते, की लिहायचे सुचलेच नाही.

आवाज मुलीचा होता, नवा. चपलेचा एक बंद सैल असावा, दर दुसऱ्या पावलाला फट् असा आवाज येई. तिने कार्ड माझ्या थेट डोक्यावर, कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवून लिहिले. पेनाची टकटक दहा खणांतून खाली उतरत माझ्यापर्यंत आली. बराच वेळ लिहीत होती. मग तिने खण उघडला.

माझा नव्हे. माझ्या वर दोन घरे सोडून स चा खण आहे, तो.

मी सळई फिरवून काढल्याचा आवाज ऐकला. मित्रांनो, चिठ्ठी टाकायला कोणी सळई काढत नाही. ज्याला कार्ड नीट लावायला शिकवलेले असते तोच काढतो. तिने कार्डाला भोक पाडले होते. शीर्षकही दिले असणार, 'संशोधन – शंका' किंवा तसेच काही. अक्षरांच्या क्रमाने जिथे यायला हवे तिथे, हजारभर कार्डांच्या मध्ये, तिने ते सळईत ओवले आणि सळई पुन्हा घट्ट फिरवली.

एकही चूक केली नाही तिने. त्या खोलीत शिकवतात तसे तंतोतंत केले. आणि म्हणून ते कार्ड कोणालाही दिसणार नव्हते.

खणाला काळीज नसते, पण तळ असतो. माझा तळ हलला.

दुसऱ्या दिवशी सकाळी फट्, फट्. स चा खण उघडला, बोटे चाळली, थांबली. कार्डाची मागची बाजू कोरीच असणार. खण बंद. तिसऱ्या दिवशी तसेच, चौथ्या दिवशीही तसेच. एकोणीस सकाळी मी मोजल्या. पुढे पुढे तिला शोधावे लागत नसे, हात थेट तिथे जाई.

आणि दर गुरुवारी दुपारी काकांचे गुडघे वाजत.

उघडला.

काकांचा चेहरा, वाकल्यामुळे लाल झालेला. त्यांनी माझ्यात पाहिले. हात घालून मागचा कोपराही चाचपला. मग मावशींना म्हणाले, "यंदाची पोरं हुशार दिसतात. एक शंका नाही."

बंद.

उघडला.

प्रमुख सर. फोन कानाला. "छान, छान," ते मला पाहून म्हणाले की फोनवर, कळले नाही. नंतर ऐकले, की अहवालात त्यांनी लिहिले: पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांकडून एकही अडचण आलेली नाही.

बंद.

उघडला. हा दिवस मला नीट सांगू द्या.

गुरुवारच होता. काका उकिडवे बसले होते, मी पूर्ण बाहेर आलेला होतो. तेवढ्यात फट्, फट्. सकाळी यायची ती त्या दिवशी दुपारी आली. मी तिला पहिल्यांदाच पाहिले, तेही चपलांपासून गुडघ्यांपर्यंत. डाव्या चपलेचा बंद दोऱ्याने शिवलेला. ती काकांच्या बाजूला उभी राहिली आणि तिने वरचा स चा खण ओढला.

एकाच वेळी आम्ही दोघे उघडे. वर तिचे कार्ड होते, खाली काकांचा रिकामा खण. मध्ये दोन बंद खणांएवढे अंतर.

काकांना वाटले असेल, कोणी मुलगी पुस्तक शोधते आहे. तिला वाटले असेल, हे इथले कर्मचारी, साफसूफ करतायत. काका उठायला लागले तेव्हा त्यांचे डोके तिच्या उघड्या खणाच्या बरोबर खाली आले होते. तिने तळहात मध्ये धरला.

"डोकं सांभाळा, काका."

"अरे हो. आभारी आहे."

एवढेच बोलणे झाले. तिने आपला खण बंद केला आणि काकांनी मला.

बंद.

त्यानंतर ती आणखी तीन सकाळी आली. मग आली नाही.

मग बातमी आली, की पुस्तकांची सगळी यादी संगणकावर चढली आहे आणि कार्डांचे आता काम नाही. मावशींनी एकेक खण रिकामा करायला घेतला. सळई निघायची, कार्डांचा गठ्ठा दोरीने बांधला जायचा. पाठकोरी कार्डे टाकून द्यायची नाहीत असे ठरले. काउंटरवर ठेवायची, पुस्तकाचा क्रमांक टिपून घ्यायला उपयोगी. अ चे गठ्ठे संपले. क चे संपले. भावंडे एकामागून एक पोकळ वाजू लागली. आता सगळे माझ्यासारखे झाले होते, पण त्यात मला समाधान वाटले नाही.

एका गुरुवारी काकांना क्रमांक टिपायला चिठ्ठी हवी होती. त्यांनी काउंटरवरून वरचे कार्ड उचलले, खुर्ची ओढली. पेनाचे टोपण काढल्याचा आवाज आला.

पेन चालल्याचा आवाज आला नाही.

मग काकांनी मावशींना विचारले, स चा खण कोण उघडत असे. मावशी म्हणाल्या, ती नवी. नाव तिने सांगितलेही नव्हते आणि कोणी विचारलेही नव्हते.

"टेबलाची किल्ली देऊन गेली सोमवारी," मावशी म्हणाल्या. "म्हटलं, का गं? तर म्हणे, मी इथली नव्हे."

काकांचे गुडघे वाजले.

उघडला.

मी रिकामा आहे हे त्यांना ठाऊक होते. तरी त्यांनी मला उघडले आणि जमिनीवर मांडी घालून बसले, माझ्यासमोर. माझ्या काठावर कार्ड ठेवून लिहू लागले. म्हणून मला दोन्ही बाजू वाचता आल्या.

*संशोधन – शंका*
*सरांनी दीडशे लेख वाचायला सांगितले आहेत. चाळीस झाले. माझा विषय आहे: लोक ग्रंथालयात येऊन काही न विचारताच परत का जातात. जितके वाचते तितका माझा प्रश्न लहान होत जातो. आता तो दिसेनासा झाला आहे. सगळ्यांचे असेच होते, की मीच इथली नव्हे?*

मागे काकांनी लिहिले:

*सगळ्यांचे होते. माझे तीन वर्षे होत होते. चाळीस पुरेत, थांबा आता. प्रश्न एका ओळीत लिहा, आईला समजेल असा. तो घेऊन गुरुवारी तीन वाजता खिडकीजवळच्या टेबलावर या. मी असतो.*
*तुमचे कार्ड उशिरा मिळाले. तुमची चूक नाही. तुम्ही ते बरोबर लावले होते, आम्ही वाकून भलतीकडेच पाहत बसलो.*
*– ज्याचे डोके तुम्ही वाचवलेत तो*

इतक्या वर्षांत त्या कार्डांखाली कोणी सही केली नव्हती. ही पहिली.

किल्ल्यांच्या वहीत, सोमवारी परत आलेल्या किल्लीपुढे, तिचा पत्ता होता. मावशींनी तो काढून दिला. कार्ड लिफाफ्यात गेले.

बंद.

पुढच्या गुरुवारी काका आले. तीनपासून पाचपर्यंत खिडकीजवळ बसले. जाताना मला उघडून पाहिले, काही नाही. त्याच्या पुढच्या गुरुवारीही. त्यांनी प्रबंधाला आणखी एक परिशिष्ट जोडले. मावशी त्यांना चिडवू लागल्या, की मुलीची वाट बघायला कारण हवे म्हणून परिशिष्ट वाढवताय. काका म्हणाले, तसे समजा.

पण परिशिष्टे वाढवून किती वाढवणार. एक दिवस प्रबंध संपला. शेवटच्या गुरुवारी काकांनी मला ओढून रुमालाने आतून पुसले, कोपऱ्यांसकट. मग हळूच ढकलले.

बंद.

बंद.

मित्रांनो, इथे माझ्याकडे सांगण्यासारखे काही नाही. उन्हाळा गेला असावा, लाकूड आधी आक्रसले आणि मग फुगले.

उघडला.

ओढणाऱ्या हाताला सवय नव्हती, मी अर्ध्यावर अडलो. मग दिसला चपलेचा शिवलेला बंद. आणि पहिल्यांदाच गुडघ्यांच्या वर बाकीची ती. साधा चेहरा, डोळ्यांखाली काळे. हातात तेच कार्ड, घड्या पडलेले.

"हा होय तो खण," ती म्हणाली.

मावशी तिच्या मागे होत्या. त्यांनी सांगितले, काकांचा प्रबंध झाला गं, आता ते येत नाहीत. शाळा पण लांब बदलून मिळाली. तू आधी यायचेस.

तिने नाव काढून घेतले होते, म्हणून पुन्हा प्रवेशापासून सुरुवात करावी लागली होती. एक वर्ष वाया गेले. लिफाफा मिळाल्यावर तिने ती एक ओळ आईसाठी लिहायला घेतली होती, आणि आईला समजेपर्यंत सतरा वेळा खोडली होती. हे ती मावशींना सांगत होती, पण पाहत होती खिडकीजवळच्या रिकाम्या खुर्चीकडे.

मग ती त्या खुर्चीवर जाऊन बसली. गुरुवार होता. तीन वाजले होते.

पाच वाजता तिने काकांच्या अक्षराखाली एक ओळ लिहिली, *आले होते. गुरुवार, तीन, खिडकी.* आणि कार्ड माझ्यात टाकले. आडवे.

या वेळी तिने खण बंद केला नाही.

कपाट न्यायला माणसे आली तेव्हा तिने मला त्यातून उपसून घेतले. माझी भावंडे जिन्यावरून खाली गेली, पोकळ वाजत. मी खिडकीजवळच्या टेबलावर आहे. ळ, क्ष, ज्ञ अजून माझ्या कपाळावर आहेत. वर्षाच्या पहिल्या दिवशी ती मला दोन्ही हातांत धरून नव्या विद्यार्थ्यांमधून फिरवते आणि सांगते, हा तो खण, यात, आडवे. ही सांगायची गोष्ट आहे का, असे काहींच्या चेहऱ्यावर दिसते. ती तरी सांगते, दोनदा.

मला आता सगळे सलग दिसते. सवय नाही, डोळे दुखतात. दोन्ही बाजूंना कोणी नाही, खाली नुसते टेबल. शंका येतात, उत्तरे मिळतात, कार्डे निघून जातात. एक कार्ड तेवढे तळाशी राहिले आहे. ते वाचायला काका आलेले नाहीत. आपले कार्ड पोहोचले की नाही, हे त्यांना अजून ठाऊक नसेल.

म्हणून सांगतो, मित्रांनो. तुमच्या वर्गात कोणी नवे आले, तर इथे काय कुठे ठेवतात ते त्याला सांगा. तुम्हाला ते इतके ठाऊक असते की सांगायचे सुचत नाही. त्याचा खण रिकामा दिसला म्हणून सगळे ठीक आहे असे समजू नका. वरचा खणही उघडून पाहा. आणि कोणी तुमचे डोके वाचवले, तर आभार मानून निघून जाऊ नका. काय शोधतो आहेस, एवढे विचारा.

आज गुरुवार नाही. खिडकीजवळची खुर्ची रिकामी आहे, मावशी पाणी भरायला गेल्या आहेत. जिन्यात पावले वाजत आहेत, ओळखीची नाहीत. दारापाशी येऊन थांबली आहेत.

आत ये म्हणायला मला येत नाही. तुम्ही म्हणाल का?